‘डेथ’च्या ध्वनिफिती आणि त्यांचे उशिरा आलेले श्रोते

काही वर्षांपूर्वी माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला आपल्या मोबाईलवर एक गाणे ऐकविले आणि विचारले, “सर, हे कोण गात असेल? आणि केव्हाचे असेल?” गाणे अतिशय वेगवान होते. गिटारचा आवाज पत्र्यावर घण पडावा तसा, ढोल एकसारखा धावणारा, आणि गाणारा गळा रागावलेला. पण तो राग रडका नव्हता. मी समाजशास्त्राचा मास्तर. संगीतातले मला फारसे कळत नाही. तरीही अनुमान केले की, ही लंडनमधली गोरी बेकार पोरे असावीत आणि साल १९७७-७८ असावे. विद्यार्थी हसला. गाणारे तिघे सख्खे भाऊ होते, काळे होते, अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरात राहणारे होते आणि गाणे १९७५ साली ध्वनिमुद्रित झालेले होते. ते लोकांपर्यंत खऱ्या अर्थाने पोचले मात्र २००९ साली.

माझी चूक सालाची नव्हती, ती रंगाची होती. काळा माणूस गातो म्हणजे ब्लूज गातो, जाझ वाजवितो, चर्चमधली भजने म्हणतो, दुःख आळवितो, असे माझ्याही मनात पक्के बसलेले होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हापासून काळ्यांच्या कवितेवर, कादंबरीवर, चळवळीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. माझी पिढी ते वाचूनच वाढली. आणि तरीही मी चुकलो. ही चूक माझ्या एकट्याची नाही म्हणूनच हा लेख लिहितो आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. ‘पंक’ हा इंग्रजी शब्द मुळात शिवीवजा आहे. वाया गेलेले, उनाड, कुचकामी पोर असा त्याचा भाव. ती शिवीच काही तरुणांनी नाव म्हणून अंगावर घेतली. दोनतीन स्वरमेळ, दोनतीन मिनिटांचे गाणे, चकचकीतपणाला नकार आणि प्रस्थापित व्यवस्थेबद्दल उघड तिरस्कार, ही या संगीताची ढोबळ लक्षणे होत. त्याचा अधिकृत इतिहास साधारणपणे न्यूयॉर्कच्या ‘रमोन्स’पासून सुरू होतो. त्यांची पहिली तबकडी एप्रिल १९७६ मधली. त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनमध्ये ‘सेक्स पिस्टल्स’ची पहिली तबकडी निघाली. दोन्ही गोरे संघ. त्यामुळे पंक म्हणजे गोऱ्या पोरांचा विद्रोह हे समीकरण रूढ झाले आणि पाठ्यपुस्तकासारखे सांगितले जाऊ लागले.

आता डेट्रॉईट. मोटारींच्या कारखान्यांचे हे शहर दक्षिणेतून आलेल्या काळ्या मजुरांनी भरले. जुलै १९६७ मध्ये तेथे मोठा उद्रेक झाला, त्रेचाळीस माणसे मेली. याच शहरात १९५९ साली मोटाऊन ही काळ्या मालकीची प्रसिद्ध ध्वनिमुद्रण कंपनी उभी राहिली आणि १९७२ साली ती लॉस एंजेलिसला निघून गेली. अशा शहराच्या पूर्व भागात हॅकनी कुटुंब राहत होते. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक. १९६४ साली दूरचित्रवाणीवर बीटल्सचा कार्यक्रम झाला तेव्हा त्यांनी मुलांना समोर बसवून तो दाखविला. धर्मोपदेशकाच्या घरात ही साधी गोष्ट नव्हे. पुढे दारू पिऊन गाडी चालविणाऱ्या एका इसमामुळे झालेल्या अपघातात ते दगावले.

डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हे तिघे भाऊ एकत्र वाजवू लागले. डेव्हिड गिटारवर, बॉबी बेस गिटारवर आणि गायनाला, डॅनिस ड्रमवर. सुरुवातीला ते काळ्या वस्तीत चालणारे फंक वाजवीत. मग ‘द हू’ आणि अॅलिस कूपर यांचे कार्यक्रम पाहून त्यांची दिशा बदलली. वस्तीतल्या लोकांना हे रुचले नाही. ही गोऱ्यांची गाणी तुम्ही कशाला वाजविता, असा आपल्याच माणसांचा प्रश्न होता. हा प्रश्न किती अडाणी होता हे इतिहास पाहिला की कळते. सिस्टर रोझेटा थार्प, चक बेरी, लिटल रिचर्ड या काळ्या माणसांनीच रॉक-अँड-रोल घडविला. पण ध्वनिमुद्रण व्यवसायाने १९२० च्या दशकापासूनच काळ्यांच्या तबकड्यांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ असा वेगळा कप्पा करून ठेवला होता. ‘बिलबोर्ड’ या व्यवसायाच्या साप्ताहिकाने १९४९ साली त्याचे नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केले. वाड्याबाहेरच्या वस्तीची पाटी बदलावी आणि वस्ती तेथेच ठेवावी, तसा हा प्रकार. कालांतराने कप्प्यातल्या माणसांनाही कप्पाच आपले घर वाटू लागतो.

वडिलांच्या मृत्यूनंतर डेव्हिडने संघाला नाव दिले ‘डेथ’. मृत्यू ही भिण्याची गोष्ट नाही, तो एक प्रवास आहे, त्याला दुसऱ्या बाजूने पाहता येते, असा त्याचा विचार होता. डेव्हिड आपल्या पद्धतीने श्रद्धाळू होता. मला त्याची श्रद्धा पटण्याचे कारण नाही. पण ते नाव त्याने धक्का देण्यासाठी ठेवलेले नव्हते, बापाच्या आठवणीतून ठेवले होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

१९७५ साली डेट्रॉईटच्या ‘युनायटेड साऊंड’ या ध्वनिमुद्रण केंद्रात त्यांनी गाणी मुद्रित केली. बारा गाण्यांचा बेत होता, सात झाली. हॅकनी कुटुंबाच्या सांगण्यानुसार क्लाइव्ह डेव्हिस या संगीतव्यवसायातील बड्या माणसाने या कामाला पैसा पुरविला होता. त्याची अट एकच होती, नाव बदला. डेव्हिडने नकार दिला. दोघा धाकट्यांना नाव बदलावेसे वाटत होते, परंतु त्यांनी भावाला एकटे पाडले नाही. करार मोडला, काम थांबले आणि मूळ ध्वनिफिती घेऊन तिघे भाऊ बाहेर पडले.

येथे आपल्या वाचकांना १९३६ साल आठवल्याशिवाय राहणार नाही. लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने बाबासाहेबांच्या भाषणात फेरफार सुचविले, बाबासाहेबांनी ते नाकारले, परिषद बारगळली आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापले. इंग्रजी आवृत्तीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. हॅकनी बंधूंनीही तेच केले. १९७६ साली ‘ट्रायँगल’ या स्वतःच्या नाममुद्रेखाली दोन गाण्यांच्या लहान तबकडीच्या पाचशे प्रती काढल्या. एका बाजूला ‘पॉलिटिशियन्स इन माय आईज’, दुसऱ्या बाजूला ‘कीप ऑन नॉकिंग’. साम्य येथे संपते. बाबासाहेबांच्या नकारामागे एक चळवळ होती आणि नकाराचा अर्थ समजणारा समाज होता. या तीन पोरांच्या मागे कोणीच नव्हते. काळ्यांची आकाशवाणी केंद्रे म्हणत, हे रॉक आहे, आमचे नाही. गोऱ्यांची केंद्रे काळ्यांचे रॉक लावीत नव्हती. त्यात भरीला भर म्हणजे तो काळ डिस्कोचा होता. नकार देणे हे शौर्य आहे यात शंका नाही. पण नकार पचवायला ज्या संस्था लागतात, त्या नसतील तर नकार देणारा माणूस आपल्या तबकड्यांच्या खोक्यांसह घरात बसून राहतो.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. १९७७ च्या सुमारास भाऊ व्हर्मांट राज्यात बर्लिंग्टनला गेले. तेथे ‘फोर्थ मूव्हमेंट’ नावाने त्यांनी धार्मिक रॉक वाजविले. १९८२ साली डेव्हिड डेट्रॉईटला परतला. बॉबी आणि डॅनिस व्हर्मांटमध्येच राहिले आणि ‘लँब्सब्रेड’ नावाचा रेगे संघ चालवू लागले. इ. स. २००० मध्ये डेव्हिड फुप्फुसाच्या कर्करोगाने मेला. त्यापूर्वी त्याने मूळ फिती बॉबीच्या स्वाधीन केल्या होत्या. जग एक दिवस यांची विचारपूस करीत येईल, असे तो म्हणाला होता, हे भाऊ सांगतात. फिती बॉबीच्या घराच्या माळ्यावर गेल्या.

आणि विचारपूस करणारे आले. ते कसे आले हे पाहण्यासारखे आहे. दुर्मिळ तबकड्या जमविणाऱ्या माणसांचे एक वेगळेच जग असते. पाचशे प्रतींपैकी काही प्रती जुन्या बाजारांतून फिरत त्यांच्या हाती लागल्या, एकेक प्रत शेकडो डॉलरना विकली जाऊ लागली आणि तिच्या नकला हातोहात पसरल्या. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या एका मेजवानीत बॉबीच्या मुलाच्या कानावर हे गाणे पडले. गाणारा आवाज आपल्या बापाचा आहे हे त्याने ओळखले! बापाने मुलांना या संघाविषयी कधी काही सांगितलेले नव्हते. मुले स्वतः पंक वाजवीत होती, आणि आपल्या घरातच हे घडून गेले याचा त्यांना पत्ता नव्हता. बापाने का सांगितले नाही? हरलेली लढाई मुलांना सांगावीशी वाटत नाही, हेच त्याचे उत्तर असावे. आपल्याकडच्या कित्येक घरांत अशा न सांगितलेल्या लढाया पडून आहेत. मुलांनी लगेच संघ उभा केला, काकाने शेवटच्या काळात घेतलेल्या ‘रफ फ्रान्सिस’ या नावाने, आणि ते ही गाणी लोकांपुढे वाजवू लागले. या ध्वनिफितींचा पहिला चाहतावर्ग म्हणजे अशा रीतीने पुतणेच होत.

फेब्रुवारी २००९ मध्ये शिकागोच्या ‘ड्रॅग सिटी’ या स्वतंत्र कंपनीने सातही गाणी ‘फॉर द होल वर्ल्ड टू सी’ या नावाने प्रसिद्ध केली. जेमतेम अर्ध्या तासाचा ऐवज. मार्चमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या संघावर मोठा लेख छापला आणि चाहत्यांच्या प्रतिक्रियांचा पूर आला.

पहिली आणि सर्वांत मोठी प्रतिक्रिया अविश्वासाची होती. डेट्रॉईटचाच प्रसिद्ध गोरा गिटारवादक जॅक व्हाइट याने सांगितले की, साल आणि हकिगत कळली तेव्हा त्याला त्याची संगतीच लागेना. हे काळाच्या पुढे होते, असे तो म्हणाला. मग हे वाक्य सर्वांच्याच तोंडी बसले. परीक्षक म्हणाले काळाच्या पुढे, दुकानदार म्हणाले काळाच्या पुढे. हा गौरव मनापासून केलेला होता, हे मी नाकारीत नाही. पण मला तो तपासून घ्यावासा वाटतो. कोणता काळ? १९७५ साली ध्वनिमुद्रण केंद्र तयार होते, तंत्रज्ञ तयार होते, गाणी तयार होती. व्हिएतनामचे युद्ध त्याच वर्षी संपत होते आणि पोरांना मरायला पाठविणाऱ्या राजकारण्यांवरचे गाणे त्या काळाचेच गाणे होते. त्याच डेट्रॉईटच्या परिसरात ‘एमसी फाइव्ह’ आणि ‘स्टूजेस’ या गोऱ्या संघांनी १९६९ सालीच असले दणकट संगीत तबकड्यांवर आणले होते, म्हणजे कानही पुरते तयार नव्हते असे म्हणता येत नाही. हॅकनी बंधू काळाच्या पुढे नव्हते, ते काळाच्या अगदी मध्यावर उभे होते. दरवाजे बंद होते, आणि दरवाजे काळ लावीत नसतो, माणसे लावतात. ‘काळाच्या पुढे’ म्हटले की त्या माणसांची नावे विचारावी लागत नाहीत, ही या गौरवाची सोय आहे.

दुसरी प्रतिक्रिया काळ्या तरुण चाहत्यांची, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. २००३ साली जेम्स स्पूनर या दिग्दर्शकाने ‘अॅफ्रो-पंक’ नावाचा माहितीपट केला. शेकडो गोऱ्यांच्या मेळाव्यात एकट्या पडलेल्या काळ्या पंक पोरापोरींचे अनुभव त्यात आहेत. गोरे त्यांच्याकडे कुतूहलाने बघतात आणि घरचे म्हणतात, तू गोरा व्हायला निघालास काय? या मुलांच्या हाती २००९ साली काय पडले? केवळ सात गाणी नव्हे, पूर्वज पडले. आपण दुसऱ्याच्या घरात शिरलेलो नाही, या घराचा पाया घालताना आपलीही माणसे होती, याचा कागदोपत्री पुरावा पडला. ज्यांना वारसा आयता मिळतो त्यांना या आनंदाचे मोल कळणे कठीण आहे. आपल्या वाचकांना ते समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्र याच आनंदातून एक वाद निघाला. ‘जगातला पहिला पंक संघ’, ‘पहिला काळा पंक संघ’ अशी बिरुदे ‘डेथ’ला लावली जाऊ लागली आणि जाणकार चाहत्यांनी त्यांना हरकत घेतली. फिलाडेल्फियाचा ‘प्युअर हेल’ हा काळा संघ १९७४ चाच. त्यांची १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुद्रित झालेली ‘नॉइज अॅडिक्शन’ ही तबकडीही त्या वेळी निघालीच नाही, नव्या शतकात निघाली. वॉशिंग्टनचा ‘बॅड ब्रेन्स’ हा काळा संघ १९७० च्या दशकाच्या शेवटी पुढे आला आणि त्याचा प्रभाव प्रत्यक्ष पडला, पुढच्या अनेकांनी त्यांच्याकडून घेतले. ‘डेथ’कडून १९७६ नंतर कोणी काही घेतले नाही, कारण कोणी ऐकलेच नव्हते. मग न ऐकलेल्याला ‘पहिला’ म्हणावे काय? माझ्या मते चाहत्यांची हरकत रास्त आहे. ‘पहिला कोण’ हा प्रश्न शर्यतीचा आहे. दोन काळ्या संघांच्या तबकड्या एकाच दशकात पडून राहिल्या, ही त्यापेक्षा जास्त बोलकी गोष्ट आहे. एकाचे नाव गैरसोयीचे होते म्हणावे, तर दुसऱ्याचे काय?

त्यातही समतोल राखला पाहिजे. क्लाइव्ह डेव्हिसने रंगावरून नकार दिला असे हॅकनी कुटुंब स्वतःही म्हणत नाही. नाव खटकले, असे म्हणते. ‘मृत्यू’ नावाची वस्तू विकायला कोणत्याही व्यापाऱ्याला अवघडच वाटेल. आणि आपल्याला मिळणारी सारी कथा मागे राहिलेल्या दोघा भावांनी सांगितलेली आहे. २०१२ साली ‘अ बँड कॉल्ड डेथ’ हा माहितीपट निघाला, तोही त्यांच्याच तोंडून बोलतो. डेव्हिडची बाजू त्याच्या तोंडून ऐकण्याची सोय आता नाही.

नंतर आणखी फिती निघाल्या. २०११ साली ‘स्पिरिच्युअल, मेंटल, फिजिकल’ या नावाने सरावाच्या जागेत केलेली कच्ची ध्वनिमुद्रणे आली, २०१४ साली ‘डेथ थ्री’. येथे अडचण उभी राहते. लेखकाच्या मृत्यूनंतर त्याची अर्धवट टिपणे छापावीत की नाही, असाच हा प्रश्न. आवाज फाटलेला, गाणी चाचपडणारी. सात गाण्यांनी भारावलेल्या श्रोत्याला ती उणी वाटणे स्वाभाविक आहे. मला स्वतःला हीच कच्ची मुद्रणे जास्त उपयोगाची वाटली. पक्की तबकडी ऐकून वाटते की ही माणसे आकाशातून पडली. कच्ची फीत ऐकली की कळते, एका खोलीत तीन पोरे तेच ते पुन्हा वाजवीत होती, चुकत होती. ‘दैवी देणगी’ हा शब्द मग गळून पडतो आणि श्रम दिसू लागतात.

या सगळ्यातून मला आपल्याकडची एक गोष्ट दिसते, ती स्पष्ट लिहितो. काळ्याने दुःखच गावे ही जशी तेथल्या बाजाराची अपेक्षा, तशी दलिताने आत्मकथनच लिहावे ही येथल्या बाजाराची आणि, खरे सांगायचे तर, आपल्यापैकी पुष्कळांची अपेक्षा. विज्ञानकथा लिहिणारा, प्रेमकविता लिहिणारा, गिटार बडविणारा पोरगा आला की आपणही त्या डेट्रॉईटच्या शेजाऱ्यांसारखे विचारतो, हे आपले आहे काय? माझ्या त्या विद्यार्थ्याला मी एकेकाळी असेच काहीसे विचारले होते. त्याने ते लक्षात ठेवले आणि वीस वर्षांनी मोबाईल माझ्या कानाला लावला.

माझे एक मामा गायनपार्टी चालवीत. १९८० च्या दशकात कॅसेटचा धंदा जोरात असताना एका कॅसेटवाल्याने त्यांना बोलाविले, गाणी ऐकली आणि म्हटले, चाली चांगल्या आहेत; पण तीन गाणी काढा आणि पार्टीचे नाव बदला, दुकानदार ठेवणार नाहीत. मामा उठून आले. त्यांनी एका ओळखीच्या दुकानात दोन डेकवर चाळीसेक कॅसेटा स्वतःच उतरवून घेतल्या आणि जयंतीला वाटल्या. मामा जाऊन बरीच वर्षे झाली. हा लेख लिहायला घेतल्यावर मी मामीकडे गेलो. पत्र्याच्या पेटीत पाच कॅसेटा निघाल्या. तिघींना बुरशी लागलेली आहे. एक डेकमध्ये अडकून तुटली. पाचवी चालते, तिच्या पहिल्या बाजूवर सहा गाणी आहेत. दुसरी बाजू माझ्या मामेभावाने लहानपणी पुसून तिच्यावर सिनेमाची गाणी भरली होती. तो आता पन्नाशीचा आहे. पहिली बाजू लावली तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता, आणि तिसऱ्या गाण्याला त्याने विचारले, “हे बाबांचं आहे?”